तळं गावाबाहेर निघालं तेव्हा

मी सावंतवाडीची. तळं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर राजवाड्यासमोरचं मोठं पाणी आणि त्याच्या कडेने हवा खायला आलेली माणसं, एवढंच यायचं. लग्न होऊन मालवण तालुक्यातल्या या आडगावात आले, तेव्हा नवरा मोठ्या कौतुकाने मला त्यांचं तळं दाखवायला घेऊन गेला. ते बघून माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "एवढासाच?" परत येताना तो माझ्या दहा पावलं पुढे चालला. माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट, पण त्या दिवशी मी खोटं काही बोलले नव्हते.

तळं खरंच लहान आहे. पलीकडच्या काठावरून कोणी जेवायला हाक मारली, तर अलीकडे ऐकू येते. दोन टेकाडांच्या बेचक्यातून येणारा व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, चिऱ्यांची भिंत घालून अडवलेला. ही भिंत कोणी बांधली ते कोणालाच माहीत नाही. म्हाताऱ्यांना विचारलं तर ते "आदीपासून आसा" म्हणतात आणि पान जुळवायला लागतात. चिरे काळे पडलेत, सांध्यांतून नेचे उगवलेत, आणि पावसाळ्यात सगळ्या भिंतीवरून पाणी असं सावकाश ओघळतं की तिला घाम फुटलाय असं वाटावं. पाऊस सरला की भिंतीच्या तळाशी असलेल्या मोरीत लाकडी फळी बसवतात. मग तळं भरलेलं राहतं आणि त्या पाण्यावर खालच्या मळ्यांमध्ये हिवाळ्यातलं भात होतं. त्याला आम्ही वायंगण म्हणतो.

घरात आता कपडे धुवायचं यंत्र आहे, तरी गोधड्या आणि चादरी घेऊन मी तळ्यावरच जाते. नवरा म्हणतो, तुला कामं वाढवून घ्यायची हौस. त्याला काय सांगणार? दुपारी तिथे कोणी नसतं. समोरचं टेकाड पाण्यात उलटं झोपलेलं असतं, आणि त्याच्या माथ्यावरून एखादा मासा आरामात फिरत असतो. खंड्या सूर मारतो, टेकाड हलतं, मोडतं, पुन्हा जुळतं. मी गोधडी दगडावर ठेवते आणि बसून राहते. ऊन कमळांच्या पानांवरून सरकत भिंतीपर्यंत पोचलं की मला कळतं, बराच वेळ गेला. काय विचार करत होते ते कधीच आठवत नाही. घरी आले की सासू विचारायची, "गोधडी धुतलंस की तळ्याक निजवून इलंस?"

सासूचं आणि तळ्याचं नातं वेगळंच होतं. तिला ते बघायला फुरसत नसायची. तिला त्याचं पाणी हवं असायचं. आमचा मळा पाटाच्या अगदी शेवटी, त्याच्यापुढे थेट व्हाळ. पाणी पाळीने मिळतं, आज या घराची पाळी, उद्या पुढच्या. आणि त्यात एक रीत आहे, जी ऐकून मी नवी असताना पोट धरून हसले होते. ज्याने पाणी घेतलं त्याने मोरी बंद करायची नाही. आपली पाळी संपली की तो सरळ घरी जातो. पुढची पाळी ज्याची, तो येऊन आधी फळी घालतो, मग खाली जाऊन पाटातला चिखल काढून पाणी आपल्या मळ्याकडे वळवतो आणि परत वर येऊन फळी उघडतो.

"म्हणजे नळ उघडो टाकून आपण जावचा, आणि शेजाऱ्यान येवन तो बंद करूचो?" मी तिला म्हटलं होतं.

"पाणी घेतल्या हातान पाणी आडवूचा नाय गो," ती म्हणाली. "आपला भागला म्हणान आपणच बंद करूचा? ता बरा दिसणा नाय."

मी नाक मुरडलं. पण एवढ्या वर्षांत ती मोरी कधी फुकट वाहिलेली मी पाहिली नाही. एक जाई, दुसरा येई. साखळी कधी तुटत नसे.

मी सांगतेय ती गोष्ट दोन-तीन वर्षांपूर्वीची. सासूचे गुडघे तोपर्यंत पार गेले होते. पायरी उतरताना ती देवापासून पूर्वजांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. पण मळ्यातल्या चिखलात उतरली की गुडघे दुखत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं, आणि खोटं वाटू नये इतकी ती तिथे सरळ चालायची. नवऱ्याला हे बघवत नव्हतं. मळ्यात भर घालून माड लावूया, असा त्याचा धोशा होता. माडाला लावणी नाही, कापणी नाही, कंबर मोडायला नको. रोज संध्याकाळी त्यावरून वाजायचं. शेवटी एकदा सासू जेवताना हात थांबवून म्हणाली, "ह्या वर्साचा भात घराक इला, तर फुडल्या वर्साक मी परत लावतलंय. तू गप रवाचा. नाय इला, तर तुझे माड. मगे मी मळ्याचा नाव काढूचंय नाय."

तिने शब्द दिला म्हणजे दिला. नवरा खूश झाला. मला मात्र काळजी लागली, कारण मळा सोडून ही बाई दिवसभर करणार काय, ते मला दिसेना.

त्याच वर्षी गावपळण आली. आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल घेतात, आणि त्याने सांगितलं की सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. मागे गावात देव एकटा. त्या दिवसांत कोणी वेशीच्या आत पाय ठेवायचा नाही. परत जायचं तेही पुन्हा कौल मिळाल्यावर. एरवी हे सगळं वायंगणाच्या आधी उरकतं. त्या वर्षी पाऊस लांबला, कापणी लांबली आणि कौलही उशिरा झाला. लावणी होऊन पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या होत्या.

निघायच्या दिवशी पाळी आमची होती. सासूने पहाटेच जाऊन पाणी लावलं. इकडे घरात माझी तारांबळ. फ्रीज रिकामा करायचा, पीठ-मीठ बांधायचं, आणि मांजर काही केल्या डालीत बसेना. दुपारी ढोल वाजला तसा सगळा गाव एकदम निघाला. आमच्या पुढे शेजारचे मास्तर होते. हे शाळेतून निवृत्त झालेले. घर ख्रिस्ती, अंगणात क्रूस आहे, मुलगी गोव्यात दिली आहे. पण गावपळणीला त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या गावाबरोबर बाहेर पडतं. एका हातात कोंबड्यांची डाली आणि दुसऱ्या हातात रेडिओ घेऊन ते चालले होते. व्हाळ ओलांडून पलीकडच्या माळावर चुडतांच्या, म्हणजे विणलेल्या झावळांच्या, झोपड्या आधीच उभारलेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत चुली पेटल्या, भजनाची मंडळी जमली, आणि शहरातून आलेली पोरं मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढत सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घेऊन व्हाळावर गेले. काल ज्या दगडावर बसले होते तो पाण्याखाली गेलेला. त्या दिवसांत आमच्या व्हाळाला पोटरीभर पाणी असलं तरी नशीब. आज पाणी काठाला लागून, भरभर, हिरवट निळं वाहत होतं. पोरं नाचत होती. कोणी टोपल्याने मासे धरले. बायका म्हणाल्या, देव पावलो, धुण्याची सोय झाली. मीही मजेत पाय सोडून बसले. मग माझ्या पायाला काहीतरी गुळगुळीत लागलं. कमळाचं पान होतं. त्याच्यामागून आणखी एक आलं, मग देठासकट एक मिटलेली कळी आली.

या व्हाळात कमळं नाहीत. आसपास कमळं एकाच ठिकाणी आहेत.

मी वर बघितलं तर सासू काठावर उभी होती. तिने पान पाहिलं, पाणी पाहिलं आणि तिथेच दगडावर बसली. तिला सांगावं लागलं नाही, मलाही विचारावं लागलं नाही. तिने रीतीप्रमाणे मोरी उघडी ठेवली होती. पुढची पाळी मास्तरांची, ते रीतीप्रमाणे आपल्या दिवशी येऊन बंद करणार होते. पण त्यांचा दिवस उजाडला तेव्हा ते गावाबाहेर होते आणि आम्ही सगळेच बाहेर होतो. इतक्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की साखळी इथे तुटते. तळं आमच्या मळ्यातून वाहत व्हाळात येत होतं, आणि वरून भर पडायला पावसाचे दिवस नव्हते.

"तळा पण भायर पडला गो," सासू हळूच म्हणाली. "गाव गेलो, मगे ता एकटा कशाक रवतला?"

बातमी पसरली आणि माळावर सगळे गोळा झाले. तळं रिकामं झालं तर सगळ्यांचंच वायंगण जाणार होतं. पण सगळे बघत होते सासूकडे, कारण आमच्या घरातला तो शब्द गावभर झाला होता. आमच्याकडे कढी उतू गेली तरी चार घरांना कळतं. वेशीपासून मोरी हाकेच्या अंतरावर. एक फळी घालायचा काय तो प्रश्न.

"मी जावन येतंय," नवरा म्हणाला. खोटं कशाला सांगू, बातमी कळल्यावर पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली होती. आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली, तेही दिसलं. म्हणूनच बहुधा तो तावातावाने पुढे झाला होता.

"खंय?" सासू कडाडली. "माझ्या भातासाठी कोणी गावात पाय ठेवलो, तर तो भात माझ्या घशाखाली उतरतलो काय?"

गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे मानकरी जवळच उभे होते. त्यांचा स्वतःचा मळा वरच्या अंगाला होता. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "गाव आता देवाचो. मोरी तेची, पाणी तेचा. ठेवल्यान तर ठेवल्यान."

मग एका बाईला युक्ती सुचली. "मास्तरानू, आजची पाळी तुमचीच. आणि तुमचो देव वेगळो. तुमी गेलास तर कोणाक काय होवचा नाय."

सगळ्यांनी मान डोलावली. मीही. मला वाटलं, सुटलो! मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"मगे मी कोंबडे घेवन भायर इलंय, ता काय सहलीक?" ते म्हणाले. "माझा घर पण गावातच आसा. तुमी कुलूप घातलास तसाच मी घातलंय."

आणि ते आपल्या झोपडीत गेले. त्यांचा मळा आमच्या शेजारीच होता, तोही कोरडा पडणार होता. ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला त्यांचा असा राग आला की त्या दिवशी त्यांच्याकडून आलेला चहा मी घेतला नाही. देवाचाही राग आला. तीन दिवस एकटा गावात बसला आहे, एक फळी घालायला याला काय होतंय?

पुढचा सगळा वेळ सासू व्हाळाकाठी बसून राहिली आणि मी तिच्या शेजारी. काय करायचं दुसरं? माळावर भजन चालू होतं, भाताच्या पेजेचा वास येत होता आणि आमच्यासमोरून तळं जात होतं. मी त्या तळ्याला नेहमी थांबलेलं पाहिलं होतं. ते असं चालताना पाहून मला आपण झोपेत आहोत असं वाटायला लागलं. सासूला मात्र त्यातला एकेक तुकडा ओळखू येत होता. ही पानं माथ्याकडची, तिथे ऊन पडतं. हे पाणी भिंतीजवळचं, हात घालून बघ, थंड आहे. लांब शेवाळाचा एक पट्टा वाहत आला तेव्हा ती म्हणाली, नवी नवरी असताना ती या शेवाळात पाय अडकून पडली होती. सासरा काठावर उभा होता म्हणून तिला हसता आलं नाही. आता ते आठवून ती एकटीच बराच वेळ हसली. मला रडू येत होतं आणि ही हसत होती.

हळूहळू निळं पाणी संपलं. मग चहासारखं तांबूस आलं, मग गढूळ. शेवटी आलं ते पाणी संथ होतं आणि त्याला जुन्या, बंद पेटीसारखा वास होता.

"ह्या तळचा," सासू म्हणाली. "ह्या मी कधी बघूक नाय." तिने ओंजळ भरून ते पाणी घेतलं आणि पुन्हा सोडलं. "बरा झाला, बघूक गावला."

कौल मिळाला आणि आम्ही गावात परतलो. तळ्याच्या जागी चिखल होता, चिखलात बगळ्यांची जत्रा, आणि मधोमध व्हाळाची बोटभर धार. काठावर सगळे जमले होते, पण कोणी सासूला एका शब्दाने बोललं नाही. चुकलं कोणाचं म्हणणार? मास्तर घरी जायच्या आधी तिकडे आले. चपला काढल्या, मोरीपाशी उतरले आणि अडवायला पाणीच नसताना त्यांनी नीट, दाबून फळी घातली. मग सासूसमोर येऊन उभे राहिले. माझा राग तिथे कुठेतरी गळून पडला.

मोरी बंद झाल्यावर तळ्यात पाणी साचलं, पण गुरांना प्यायला पुरेल एवढंच. वायंगण सगळ्यांचंच गेलं. आमचं सर्वांत शेवटी पिवळं पडलं, कारण तीन दिवस पाणी प्यायलं होतं. लोंब्या बाहेर आल्या आणि दाणा भरलाच नाही. एके दिवशी सासूने गुरं मळ्यात सोडली. घरी आली, खोरं धुऊन माळ्यावर टाकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुझे माड."

त्याने माड लावले नाहीत. खड्डे मारायला माणूस मिळत नाही, म्हणायचा. खरं कारण त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण सासूने शब्द पाळला. मळ्याचं नाव काढलं नाही. गुडघे मात्र घरातल्या घरात इतके दुखायला लागले की ती दुपारी उठून पाणीसुद्धा घेईना. मी ओरडले, चिडवलं, औषधांचे तेल-लेप लावले. ती सगळ्याला बरं म्हणायची, आणि तिच्या त्या बरं म्हणण्याची मला भीती वाटायची.

पावसाने तळं पुन्हा काठोकाठ भरलं. हिवाळ्यात पाळ्या सुरू झाल्या. पाळी मळ्याची नसते, घराची असते, त्यामुळे आमचाही दिवस आला. सकाळी बघते तर सासू घरात नाही. मी तळ्यावर गेले. आदल्या दिवशीच्या माणसाने उघडी ठेवलेली मोरी तिने बंद केली होती आणि ती भिंतीवर पाय सोडून बसली होती. तेवढंच काम तिचं उरलं होतं, ते तिने केलं होतं. पाट कोरडा होत चालला होता. पाणी हलत नव्हतं. टेकाड त्यात उलटं झोपलेलं होतं.

मी शेजारी बसले. आता तीही नुसती पाण्याकडे बघत होती.

"आये," मी म्हटलं, "शब्द तुमी दिलास. मी खंय दिलंय?"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "तुका तरवो आणि गवत वेगळा तरी कळता?"

"नाय. माका भाताची रोपा आणि गवत सारखाच. तुमी बांधार बसा आणि माझ्या नावान ओरडा."

"आणि तरवो खंय आसा? आता पेरून कधी होतलो?"

"मास्तरांनी जास्तीचो पेरलेलो आसा. मी कालच इचारून इलंय."

तिने पदराने नाक पुसलं आणि माझ्या साडीकडे, माझ्या पायांतल्या चपलांकडे असं पाहिलं की जणू मी आजच लग्न होऊन आले होते.

"मगे बसलंस कित्याक?" ती म्हणाली. "आधी खाली जा, पाट आपल्याकडे वळय. मगे येवन उघड."